बाराव्या कुंडीचं वांगं

रामदासपेठ, नागपूर
२४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. काजल हिला,

वंदनाताईचे आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक. कन्हानला नदीकाठची थंडी जास्त, तेव्हा जपा. पुष्करभाऊजींचा खोकला गेला का?

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. तुझे भासरे, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "काहून फोन लावून राहिली? लिहून टाक. तिले निदान निवांत वाचता तरी येईल, फोनवर तू तिले बोलूच देत नाही." या घरात माझी किंमत ही अशी.

बाकी बातम्या म्हणजे, कूलर एकदाचा माळ्यावर गेला. पिंकीचं कृषी महाविद्यालयात दुसरं वर्ष सुरू आहे, त्यामुळे घरात आता आमचं दोघांचं काही चालत नाही. दिवाळीत चकल्या फसल्या. तासाभराच्या वाटेवरून तू आली नाहीस, म्हणून कोणी हसलंही नाही.

आता खरं सांगते. मे महिन्यात कन्हानला वेगळं बिऱ्हाड मांडायला जाताना तू तुझ्या बाबांच्या बियाण्याची वांग्याची बारा रोपं माझ्या भरवशावर ठेवलीस. उन्हात करपू नयेत म्हणून मी सगळ्या कुंड्या गच्चीवर हिरव्या जाळीखाली एकत्र खेटून ठेवल्या. तूही तेच केलं असतंस. पण पाऊस लागल्यावर मी माझे गुलाब ऐसपैस मांडले आणि तुझ्या अकरा कुंड्या कोपऱ्यात तशाच राहू दिल्या. बारावी तिथे मावेना, ती टाकीच्या पायरीवर ठेवली. कोपऱ्यातली रोपं भराभर कमरेला लागली. तेव्हा फोनवर मी केवढी फुशारकी मारली होती. ऑगस्टमध्ये अळ्या पडल्या आणि आठवड्यात नुसते दांडे उरले. मी तुला म्हणाले, "तुझ्या बाबांचं बीच खराब निघालं." त्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं.

परवा पिंकीनं विचारलं, "आई, इतक्या दाटीनं काहून ठेवल्या होत्या वं? शेजारी खेटून असला की झाड उंच व्हायच्याच मागे लागते. मग पानं कडू करायचं राहून जाते. अळ्यांले आयतं जेवण." शेजारच्या पानांवरून येणाऱ्या उजेडावरून झाडाला गर्दी कळते म्हणे.

ती बोलत होती आणि मला आपला ओटा दिसत होता. तू साबुदाणावडे केलेस की मी लगेच दहीवडे. सात वर्षं आपण दोघी नुसत्या उंच होत होतो. आधी हसू आलं, मग वाईट वाटलं.

पायरीवरचं बारावं रोप बुटकं राहिलं, पण पानं जाड, खरखरीत. अळ्यांनी दोन-चार भोकं पाडली आणि नाद सोडला. दसऱ्यापासून वांगी धरतंय. देठाचे काटे असे की तोडताना माझी बोटं सोलली. पहिलं वांगं कोणालाच खाऊ दिलं नाही. पिवळं होईपर्यंत झाडावर ठेवलं, बी काढून धुतलं, राखेत घोळून वाळवलं.

बी चांगलं होतं, काजल. मी गुलाबांसाठी जागा अडवली होती आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी दोष तुझ्या बाबांना दिला. चुकले मी. त्यांची माफी मागता येत नाही, तुझी मागते.

सोबतच्या पुडीत सगळं बी आहे. एकही मागे ठेवलं नाही. निम्मे गुलाब खालच्या मजल्यावर वाटून टाकले आणि गच्चीवर अकरा कुंड्या हात-हात अंतरावर मांडल्या आहेत. माती भरली आहे. त्यात लावायला माझ्याकडे काही नाही.

तुझी वाट पाहणारी,
वंदनाताई