सोमवारी जन्मलेला सामुराई

नाशिक,
बुधवार

प्रिय सोमा,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. तो मी शेवटासाठी राखून ठेवते आहे, कारण आत्ता मी रागावलेली आहे आणि रागाच्या भरात दिलेला आशीर्वाद कितपत लागू पडतो याची मला खात्री नाही. फोन करता आला असता. पण फोनवर तू ‘हो बाई, हो बाई’ म्हणत राहतोस आणि दोन मिनिटांत माझा राग ओसरतो. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. हे पत्र रोशनी तुझ्या खोलीच्या दाराखालून सरकवून जाईल. हॉटेलच्या पत्त्यावर पाठवणार होते, पण तिथं ते कुणाच्या नावानं पाठवायचं हाच प्रश्न पडला.

काल दुपारी मी तिथं आले ती रोशनीच्या हट्टापायी. ती माझी भाची, दिंडोरीच्या वायनरीत नोकरीला असते, आणि मावशीचं वय पन्नाशीच्या पुढे गेलं म्हणजे तिची जीभ म्हातारी झाली असं तिला वाटतं. मी शाकाहारी आहे म्हटलं, तर म्हणे काकडीची सुशी असते. तू ‘मोठ्या हॉटेलात लागलो’ एवढंच फोनवर सांगितलं होतंस. कोणत्या, ते मी विचारलं नव्हतं. तेव्हा तुला भेटायला आले असा गैरसमज नको. मी काकडी खायला आले होते.

दार उघडताच आतले चारपाच जण एकदम एका सुरात ओरडले. मला वाटलं कुणी पडलं. रोशनी म्हणाली, मावशी, स्वागत करतायत. असो. आत बांबूच्या नळीतून पाणी ठिबकत होतं. आमच्याकडे असं ठिबकलं की प्लंबरला बोलावतात. तिथं लोक त्याच्याबरोबर फोटो काढत होते. आम्हाला तुझ्या ओट्यासमोरच्या उंच खुर्च्या मिळाल्या, जिथं पाय जमिनीला टेकत नाहीत आणि माणसाचा निम्मा आत्मविश्वास तिथंच जातो. मग माझ्यासमोर एक काळा दगड आला. दगडावर भाताचे सहा गोळे, ओळीनं. सोमा, नाशकात जन्म काढलेल्या बाईसमोर काळ्या दगडावर भाताचे गोळे मांडले की तिला काय आठवावं? रामकुंड तिथून पंधरा मिनिटांवर आहे. मी नकळत कावळा शोधला. रोशनीनं टेबलाखालून माझा पाय दाबला.

तोवर मी तुझ्याकडे नीट पाहिलं नव्हतं. डोक्याला पट्टी, काळा अंगरखा, खाली घातलेली मान. तू बोटं पाण्यात बुडवलीस, एक बारीकशी टाळी वाजवून पाणी झटकलंस आणि भाताचा मुटका दोन बोटांनी दाबलास. ती टाळी मी ओळखली. तुझा मालक म्हणेल ही जपानी पद्धत आहे, आणि असेलही. पण मी ती हरसूलला पाहिली आहे. तुझी आई, फुलाबाई, नागलीची भाकरी थापण्याआधी हात ओला करून अशीच एक टाळी वाजवते. चार वर्षं मी तुमच्या शेजारच्या खोलीत राहिले, आणि रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून ती टाळी ऐकू आली की मी वह्या मिटून ताट घेऊन तुमच्याकडे यायचे. मी मान वर केली, तर तू.

मी म्हटलं, अरे सोमा, तू इथं? साध्या मराठीत, जरा मोठ्यानं, कारण मला आनंद झाला होता. आणि तू कमरेत वाकलास आणि म्हणालास, ‘हाय’.

हा ‘हाय’ जपानी आहे, म्हणजे ‘हो’, हे रोशनीनं मला नंतर सांगितलं. त्या क्षणी मला फक्त तुझी आठवीची वही आठवली. ‘माझं गाव डोंगरात हाय. आमच्याकडं बैलजोडी हाय.’ हरसूलच्या शाळेत मराठी आणि संस्कृत दोन्ही माझ्याकडे होतं, आणि तीन वर्षं मी तुझा प्रत्येक ‘हाय’ लाल शाईनं खोडून वर ‘आहे’ लिहिलं. आणि आता तोच शब्द तू वाकून म्हणतोस आणि शेजारच्या खुर्चीवरच्या बाई हात जोडून तुला नमस्कार करतात.

मग तुझा मालक आला. अमित. मुलगा गोड बोलतो, हे त्याच्याविरुद्धच जातं. म्हणाला, मॅडम, आमचे शेफ सोमा-सान. सोमा हे सामुराईंचं फार जुनं घराणं आहे. शोधलं तर असं घराणं निघेलही, मी नाही म्हणत नाही. ‘हे जपानी आहेत’ असं तो एकदाही म्हणाला नाही. व्याकरणात याला अध्याहृत म्हणतात, तुला शिकवलंय: शब्द वाक्यात नसतो, ऐकणाऱ्यानं आपल्या मनानं घालून घ्यायचा. शेजारच्या बाईंनी लगेच घालून घेतला. तुझं नाक, तुझे डोळे, तुझं ते न बोलणं, सगळं त्यांना जपानी दिसायला लागलं. मी तिथंच सांगणार होते की हा सोमवारी झाला म्हणून आईनं सोमा ठेवला. पाठचा भाऊ मंगळवारी झाला, तो मंगळू. मंगळूला कोणत्या घराण्यात घालणार आहेत तेही एकदा विचारून ठेव. पोराच्या लग्नाच्या वेळी उपयोगी पडेल.

पण तू माझ्याकडे पाहिलंस, एकदाच. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारा मुलगा पाहतो तसं. मला कळलं की तुला पाहुण्यांसमोर मराठी बोलायची मनाई आहे. आणि मला खोडी सुचली. मराठीची मनाई असेल, संस्कृतची कशी असेल? मी अगदी पहिल्या धड्यातला प्रश्न विचारला, ‘तव नाम किम्?’ तू भात दाबत दाबत, मान वर न करता म्हणालास, ‘मम नाम सोमः।’ विसर्गासकट. मी आईची खुशाली विचारली, ‘तव माता कुशलिनी वा?’ तू म्हणालास, ‘आम्। कुशलिनी।’ मी विचारलं, ती कुठे असते? तू म्हणालास, ‘ग्रामे।’ शेजारच्या बाई आपल्या यजमानांना म्हणाल्या, बघा, किती मृदू भाषा आहे, आणि या बाईंना येते. अमितनं तर मला विचारलं की मी टोकियोला किती वर्षं होते.

खरं सांगते, त्या वेळी मला फार मजा वाटली. गेल्या पंचवीस वर्षांत मी शिकवलेलं संस्कृत कुणाच्या कुठं उपयोगी पडलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि काल ते माझ्यासमोर चालतंबोलतं झालं. इतर मुलं गुण मिळतात म्हणून संस्कृत घेत. तू घेतलंस कारण पहिल्याच दिवशी पुस्तकात तुला तुझं नाव सापडलं होतं. मी त्या काकडीसकट सगळं खाल्लं. भात गार होता आणि आंबट होता आणि मला गोड लागला.

त्याच सुमारास पहारेकरी आत आला. तुला आठवत असेल. ओट्याच्या कडेला येऊन तो तुझ्या कानाशी काही बोलला. तू क्षणभर हात थांबवलेस, अमितकडे पाहिलंस, शेजारच्या बाईंकडे पाहिलंस, आणि मान हलवलीस. नाही. पहारेकरी गेला. तू पुन्हा पाण्यात बोटं बुडवलीस, पण या खेपेला टाळी वाजवली नाहीस. मला वाटलं, असेल कुणी मासेवाला किंवा भाजीवाला. मी पुढचा प्रश्न संस्कृतात कसा विचारावा याचा विचार करत होते.

चार वाजता घरी आले तर पायरीवर फुलाबाई बसली होती.

तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती, तुमच्या शेतातल्या नव्या तांदळाची. हरसूलच्या गाडीला अवकाश होता, म्हणून माझ्याकडे आली होती. सोमा, ती हसत होती. म्हणाली, ‘बाई, माझा पोसा ज्या हाटेलात हाय ना, ते मंगळूनं मला मोबाइलवर दाखवलं. म्हटलं आपणच जाऊन बघावं. लय भारी हाटेल हाय बाई. दारावरचा माणूस लय चांगला, मला पाणी दिलं, सावलीत बसवलं. मी इचारलं, सोमा हाय का आत? तो आत जाऊन बघून आला. म्हणला, मावशी, नाय, आज त्याची सुट्टी हाय.’ मग ती म्हणाली, सुट्टीच्या दिवशी पोरानं जरा झोपावं, खोलीवर जाऊन उठवायला नको. तेवढी ही पिशवी तुम्ही द्या त्याला.

मी चहा केला. तिच्यासमोर बसून प्यायले. मी दुपारी कुठे जेवले ते तिला सांगितलं नाही. एवढ्या वर्षांत मी तिच्यापासून काही लपवलेलं हे पहिलंच, आणि ते तुझ्यामुळे, याचा राग वेगळा.

तुझी अडचण मला दिसत नाही असं समजू नकोस. मुंबईत सहा वर्षं तू दुसऱ्यांच्या हाताखाली मासे कापलेस, बोटं कापून घेतलीस, तेव्हा कुठे तो ओटा तुझा झाला. नऊवारी नेसलेली बाई ‘सोमा’ म्हणत त्या दारातून आत आली असती तर अमितचं सामुराई घराणं काकडीच्या फोडीएवढं उरलं असतं, आणि त्याच्याबरोबर कदाचित तुझी जागाही. हे सगळं मान्य. पण मालकानं तुला जपान अध्याहृत ठेवायला सांगितलं होतं. आई अध्याहृत ठेवायला कुणी सांगितलं?

हा प्रश्न मी आज सकाळपासून तुला विचारते आहे, आणि प्रत्येक वेळी उत्तर म्हणून मला माझीच लाल शाई दिसते आहे. ‘हाय’ हा शब्द चूक आहे, तो चारचौघांत दाखवायचा नसतो, हे तुला अमितनं शिकवलेलं नाही. ते मी शिकवलं, तीन वर्षं, समासात फुल्या मारून. तुझ्या आईच्या तोंडचा शब्द खोडायची सवय तुला लावली आणि वर काल तिथं बसून लपायला संस्कृतही पुरवलं, टाळ्या पिटत. तेव्हा या पत्रातला निम्मा राग मी माझ्याकडे ठेवून घेते. उरलेला निम्मा तुझा. तो तू मुकाट्यानं घे.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. तांदळाची पिशवी मी तुला पोचवणार नाही. येत्या सोमवारी दुपारी एक वाजता तुझ्या ओट्यासमोरच्या दोन खुर्च्या मी फोन करून राखून ठेवल्या आहेत. फुलाबाईच्या नावानं, माझ्या नव्हे. तिला एवढंच सांगितलंय की सोमवारी पोसा कामावर असतो. कालचं तिला काही कळलेलं नाही आणि माझ्याकडून कळणारही नाही. ती पिशवी घेऊन पुढच्या दारानं आत येईल, त्या उंच खुर्चीवर तिचेही पाय टेकणार नाहीत, मग ती जरा घाबरेल आणि सवयीनं हाक मारेल, ‘सोमा, हायस का रं?’ तिला संस्कृत येत नाही. त्यावर तू ‘हाय’ म्हण. अमितनं तो जपानी समजावा, शेजारच्यांनी काय वाटेल ते समजावं. पण तू तो हरसूलचा म्हण, आणि मान वर करून म्हण. मी लाल शाई आणणार नाही. आशीर्वादही तेव्हाच देईन.

तुझ्याच,
प्रतिभाबाई