सहा दारांची खोली

ती. वन्संना सा. नमस्कार.

तुमचे गुडघे जिने चढू देत असतील असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. (पत्रात असंच लिहायचं असतं.)

तुमच्या भावाला अर्धांगाचा झटका आला त्याला पाच महिने झाले. उजवा हात अजून निजलेलाच. तुम्ही पाहून गेलात तेव्हा नुसते हुंकार होते, आता एक शब्द आलाय, 'नको'. चहा हवा असला तरी नको, नको असला तरी नको. फरक भुवयांवरून ओळखायचा. व्यायाम करून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, यांचं ते कागदी अंतराळ स्थानक अर्धवट पडलंय ना, ते पुरं करा, मन रमेल. झालं. आता हे पलंगावर आणि कात्री माझ्या हातात. (तेवीस वर्षं जिला हात लावायची मला बंदी होती, तीच.)

खऱ्याच्या शंभरपट लहान असं ते प्रकरण. जाड कागदावर छापलेले भाग कापायचे, दुमडायचे, नखाएवढ्या पट्ट्यांना डिंक लावायचा. स्थानकासोबत एक यानही आहे, त्याच्या पोटात न्यायची दुर्बीण मी आधी केली, ती इतकी फुगली की पोटात मावेना. (शेजारच्या काकूंनी विचारलं, गिझर का?) मग स्थानकाचे भाग जोडणारी खोली. तिला सहा बाजूंना सहा दारं. मी पाच बाहेरून लावली, सहावं आतून, आणि वाळल्यावर ते लक्षात आलं. यांनी पाहिलं आणि चक्क हसले, तोंडाच्या एकाच बाजूने. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, घासलेलीच.

काल यानाचा लांब यंत्रहात झाला. कोपरात, मनगटात छान वळतो. यांनी तो डाव्या हाताने उचलून उजव्या तळव्यावर ठेवला आणि बघत बसले. मी विचारलं, "काढून ठेवू?"

"राहू दे," म्हणाले.

वन्सं, स्वच्छ म्हणाले.

भाऊजींना नमस्कार.

तुमची धाकटी भावजय

ता. क. सोमवारपासून तीन आठवडे इथे येऊन राहाल का? माझ्या छातीत गाठ निघाली आहे, ती काढायची आहे. डॉक्टर फारच हळू आवाजात बोलले, म्हणून घाई करते.

आणखी एक. यांना सांगितलेलं नाही. काल तेच सांगायला मी जवळ बसले होते, तेवढ्यात हे बोलले. मग माझ्याने होईना. तुम्ही आलात की तुम्हीच यांना सांगा. मी शेजारी बसेन.