माईक चालू होता

पोलादपूर,
१८ ऑगस्ट २००४

ती. आमोददादास,

तुला आणि वहिनीला नमस्कार. इकडे पाऊस आहे. कशेडीत दरड आल्यामुळे पत्र उशिरा पोचलं, तर माझ्या नावाने खडे फोडू नकोस.

तू ठेवून गेलेला लिनक्सवाला कॉम्प्युटर अजून चालतो, पण आहे तुझ्यासारखाच हट्टी. गेल्या महिन्यात मला त्यात अप्पांचा आवाज भरून ठेवायचा होता. अप्पा गावच्या उत्सवात आयुष्यभर माईकवर बोललेले. स्पीकरमधून आवाज घुमला तसे म्हणाले, "झाला गो चालू!" आणि दुपारभर जुन्या गोष्टी सांगत बसले. आंबेनळीकडचं धुकं खिडकीतून आत आलं होतं, आणि त्यात त्यांचा आवाज तरंगत होता. मी पुन्हा फ्रॉकमधली शुभी झाले होते.

नंतर लावून बघते तर फाइल मुकी. मी रडलेच रे. अप्पांच्या घशात गाठ होती. मुंबईला ऑपरेशन ठरलं होतं, स्वरयंत्रच काढणार होते. "आमोदला कळवायचं नाय," असं त्यांनी बजावलं होतं.

कॉम्प्युटरमधला आवाजाचा मिक्सर उघडून बसले. माईकची पट्टी वर होती, म्हणून स्पीकर बोलत होता. पण रेकॉर्डिंगची खूण 'लाइन'वर राहिली होती. म्हणजे कॉम्प्युटर भलत्याच रिकाम्या भोकाला कान लावून बसला होता! खूण माईकवर आणली.

तोवर अप्पांचा घसा पार बसला होता. "येकच सांगतो," म्हणाले, आणि देवाला गाऱ्हाणं घातलं. घरातल्या एकेकाचं नाव घेऊन घालतात ना, तेच. तुझ्या लग्नापासून त्यात तुझं नाव नसायचं. यंदा थांबले, खोकले. मग म्हणाले, "माजा आमोद लांब हाय. त्याला नि त्याच्या बायकोला सांभाळ रे म्हाराजा."

मग मला, "भरलं काय बघ."

भरलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. अप्पा आता घरी आहेत, पेज घेतात. काल त्यांनी पाटीवर लिहिलं, 'आमोदला पाठव.' सीडी सोबत आहे.

तू फोन केलास की अप्पा रिसीव्हर धरून गप्प राहायचे आणि तू चिडून ठेवून द्यायचास. आता पुन्हा फोन कर. ते गप्पच असतील. पण दादा, या वेळी ठेवू नकोस. बोलत राहा.

अप्पांच्या वतीनेही तुझीच,
शुभदा