आजारी म्हणू नका

आई,

परवा तुम्ही तीनदा हाक मारली, "नूतन, जेवी ले माय, भाकर थंडी व्हई ऱ्हायनी." मी तीनदा "आलेच" म्हटलं आणि उपाशीपोटीच पार्सलं बांधली. शिवणारी मी, फोटो काढणारी मी, फोन घेणारी मी, मग चुकायला दुसरं कोण येणार? नवरदेवाचा फेटा सारंगखेड्याच्या घोड्याला गेला आणि घोड्याच्या डोक्याचा साज नवरदेवाला. घोडेवाले गिरधरबापू म्हणाले, "फेटा भारी शे, पन घोडा लाजी ऱ्हायना." नवरदेव तर साज घालून हळदीला बसलासुद्धा. त्याची तक्रार एवढीच, की कानांना इतकी मोठी भोकं कशाला ठेवली.

आज सकाळी जाऊन दोन्ही बदलून दिलं. आता दोन दिवस अक्कलकुव्याला चेतनाताईकडे नुसती झोपायला जाते. रागावू नका. हे काम मला सोडायचं नाही, आणि असंच चालू राहिलं तर ते सुटेल, म्हणून जाते.

फोन मुद्दाम तुमच्याजवळ ठेवलाय. कोणी साज-फेट्याची घाई केली तर मी आजारी आहे असं सांगू नका, लोक आजारी माणसाला लगेच माफ करतात, दमलेल्याला करत नाहीत; तेही शिकू देत. सरळ सांगा, "सून झोपनी शे, उठनी म्हंजे करी."

तुमची
नूतन