माझ्या नावाने वर गेलेला हात

सकलगुणमंडित, अजचर्महस्तावरणविशारद, सूचिकर्मधुरंधर, सेंत-ओरील नगरीच्या दोन पुलांची आणि एका बंद घड्याळाची अनभिषिक्त सम्राज्ञी, रुमेगू घराण्याची ज्येष्ठ कन्या व संतापाची अधिष्ठात्री देवता श्रीमती सेवरीन यांच्या चरणी, समस्त फ्रेंच धुराड्यांचा, यंत्रांचा व उद्घाटनाच्या फितींचा पालक जो गाएतां, त्याचा पॅरिसहून साष्टांग दंडवत.

प्रिय ताई,

उपाधींची एवढी आरास मांडली, ती पत्र फाडण्यापूर्वी तू निदान एकदा हसावीस म्हणून. हसली नसशील, हे जाणतो. तरी वाच.

सरकारला तेव्हा उद्योगमंत्री म्हणून ‘खऱ्या जगातला माणूस’ हवा होता. आयुष्यभर त्या जगाबाहेर राहिलेली मंडळी आपल्या हातमोज्यांच्या कारखान्यात आली, माझ्या हाती कात्री देऊन त्यांनी छायाचित्र काढले, आणि ती मी उलटी धरली आहे हे तुझ्याखेरीज कोणाच्याही ध्यानात आले नाही. निघताना तू म्हणालीस, “जा बाबा. तुझ्या जिभेला आपला कारखाना लहानच पडत होता.” तो आशीर्वाद होता की हद्दपारीचा हुकूम, याचा निर्णय मी अद्याप केलेला नाही.

इथे पहिल्याच आठवड्यात माझे विधिवत विच्छेदन झाले. कारखान्यातला माझा तिसरा हिस्सा पेलिसोन नामक पेढीवाल्याच्या स्वाधीन झाला. माझ्या वतीने मत तोच देणार. मी त्याला काही सांगायचे नाही, त्याने मला काही विचारायचे नाही. शिवाय आपल्या कारखान्याचा विषय निघाला की मी तिथे उपस्थित असता कामा नये. मंत्र्याचा हात स्वतःच्या खिशात जाऊ नये म्हणून तो हातच काढून दुसऱ्याकडे ठेवायचा, अशी ही व्यवस्था आहे. ती चांगली आहे. एका भाषणात मी तिची मुक्तकंठाने स्तुतीही केली आहे.

ती प्रत्यक्षात कशी चालते, ते ऐक. बैठकीत एक विशिष्ट विषय आला की माझ्या कार्यालयाच्या प्रमुख मादाम कासान्य खोकतात. सगळे उठून उभे राहतात आणि मी माझ्याच दालनातून बाहेर पडतो. बाहेर गळ्यात रुपेरी साखळी घातलेला वृद्ध द्वारपाल फुल्जांस असतो. गेल्या महिन्यात त्याने खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाला, “बसा साहेब. आत तुमच्याच गावचं चाललंय, वेळ लागेल.” मग दचकून तोंडावर हात ठेवला. “मी काही बोललो नाही हं!” मी म्हणालो, “मीही काही ऐकलं नाही.” मग आम्ही दोन प्रौढ पुरुष भिंतीवरच्या चित्रातल्या गाईकडे पाहत बसलो. दाराआड माझे गाव चालले होते, आणि साऱ्या देशात ते ऐकण्याची मनाई असलेला मंत्री मी एकटाच होतो.

पुढचे मला वर्तमानपत्रातून कळले. आपला कारखाना विकत घेणाऱ्या पॅरिसच्या त्या पोशाखवाल्यांना आपले फक्त नाव हवे आहे. शिवण परदेशी जाणार, शिवणखाना बंद होणार. चुलतभाऊ आन्सेल्मचा होकार, तुझा नकार, आणि ‘निर्णायक ठरला तो मंत्रिमहोदयांचा हिस्सा’. ताई, मी ते वाक्य कॉफी पिताना वाचले. पेलिसोन दुष्ट नव्हे. त्याने आकडे पाहिले आणि हात वर केला. आपल्या शिवणखान्यात त्याने कधी पाऊल ठेवलेले नाही. आई प्रत्येक तयार हातमोज्यात फुंकर घालून बोटे फुगवून पाहायची, आणि त्या टपोऱ्या हातांशी आपण दोघे हस्तांदोलन करत असू, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. माहीत असते तरी आकड्यांच्या कोणत्या रकान्यात त्याने ते मांडले असते?

मग तुझा दूरध्वनी आला. नियमाप्रमाणे मला तो घेता येत नव्हता. मादाम कासान्य यांनी निरोप उतरवून घेतला आणि विधी सल्लागाराच्या साक्षीने, हवामानाचा अंदाज वाचावा तसा वाचला : “भगिनींचा निरोप. ‘त्याला म्हणावं, शिवणखान्यातली मार्गेरित विचारते, गाएतांदादानं असं कसं केलं? काय सांगू तिला? तोंड शिवलंय का मेल्याचं? हात वर करताना बरा हलला!’ निरोप समाप्त.” मग त्यांनी विचारले, “उत्तर?” सल्लागाराने नकारार्थी मान हलवली. ‘ते मत माझे नव्हते’ एवढे म्हणणे हादेखील त्या व्यवहारातला हस्तक्षेप ठरला असता. मी म्हणालो, “उत्तर नाही.” माझ्या समग्र मंत्रिपदात इतके संक्षिप्त भाषण मी दुसरे केले नाही. त्यानंतर मला जेवण गेले नाही; आणि माझी भूक तुला ठाऊक आहे.

आज सकाळी मी पंतप्रधानांकडे राजीनामा दिला. त्यांनी विचारले, “प्रकृती बरी नाही का?” म्हटले, ठीक आहे. “मग दुसरीकडून बोलावणं आलंय?” मी म्हणालो, “हो, बहिणीकडून.” ते मनमुराद हसले, माझी ख्यातीच तशी. याने विक्री रद्द होत नाही, ताई. पेलिसोनकडून हिस्सा परत यायला अवकाश आहे, आणि माजी मंत्र्याने स्वतःच्याच कारखान्यात पुन्हा काम करावे की नाही, हेही एक आयोग ठरवणार आहे. तेव्हा मी तारणहार म्हणून येत नाही. सोमवारी शिवणखान्यातल्या बायकांना तू सगळे सांगणार आहेस, हे मला आता अधिकृतपणे कळू शकते. त्या वेळी मला तुझ्या शेजारी उभे राहू दे. तो हात मी वर केला नाही, पण तो माझ्या नावाने वर गेला, हे त्यांना मला माझ्या तोंडाने सांगायचे आहे. शेजारी नको असेन, तर दाराशी उभा राहीन. त्याची मला सवय झाली आहे. तुला लिहिण्याची मुभा मिळाल्यावर लिहिलेला हा पहिलाच मजकूर. शनिवारी पोचतो. दार उघड, एवढीच विनंती.

तुझाच, आता कोणत्याही पदाविना,
गाएतां

ता. क. माझा राखाडी लोकरीचा कोट मंत्रालयाच्या धुलाईखान्यात अडकला आहे. पावती माझ्या हातात आहे, पण ती ‘उद्योगमंत्री’ या नावे फाडलेली. खिडकीवरच्या बाई म्हणतात, “नवे साहेब येऊ द्यात, त्यांना देऊ.” नवे साहेब माझ्याहून वीतभर उंच आहेत म्हणे, त्यांना तो कोपरापर्यंतच येईल, हे मी बाईंना दोनदा समजावले, त्यांनी खिडकी लावून घेतली.