तिकडची गाडी

२ फेब्रुवारी, सकाळी साडेसात
गाडी आली. परदेशात बांधलेली, जहाजातून उतरलेली. वय वर्षं अकरा, पण चांगल्या वस्तूचं वय विचारायचं नसतं. कालपर्यंत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चौदा गाड्या होत्या. आज एक गाडी आहे आणि चौदा डबे.

विकणाऱ्याने शेवटपर्यंत गॉगल काढला नाही. म्हणाला, आधीचे मालक डॉक्टर, फक्त रविवारी चालवायचे. मी बायकोला म्हटलं, डॉक्टर माणूस खोटं कशाला बोलेल? ती म्हणाली, डॉक्टर कुठे काय बोललेत, बोलतोय तो गॉगल. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांच्या अंगातले दोष शोधायचे म्हटल्यावर सवय लागतेच.

मी वीस वर्षं लिफ्ट विकतोय. यंत्र म्हणजे काय, ते मला कोणी शिकवायची गरज नाही.

५ फेब्रुवारी
ऑफिसच्या दारासमोरच लावली. वॉचमनने सलाम केला. (नंतर कळलं, तिथे लावायची नाही असं सांगायला हात वर केला होता. असो. हात वर झाला.)

जूनमध्ये रीजनल मॅनेजरची खुर्ची रिकामी होतेय. मोठ्या साहेबांनी स्पष्टच सांगितलंय, तीन टॉवरवाल्या बिल्डरची ऑर्डर जो आणेल, खुर्ची त्याची. अठरा लिफ्ट. बिल्डर माझा. स्पर्धेत फक्त किटली. हा माझा ज्युनियर. त्याची गाडी किटलीसारखी दिसते म्हणून हे नाव मी ठेवलं. ऑफिसात ते चाललं नाही. ऑफिसला विनोद कळत नाही.

किटली गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, सर, छान आहे, ॲव्हरेज किती देते? ताजमहालासमोर उभं राहून वीजबिल विचारणारी ही जात. उत्तर दिलं नाही. खरं म्हणजे माहीत नव्हतं.

११ फेब्रुवारी
डॅशबोर्डवर पिवळा दिवा. माहितीपुस्तक तिकडच्या भाषेत आहे. चित्रं पाहून निष्कर्ष काढला: पिवळा म्हणजे आठवण, लाल म्हणजे धोका. स्वस्त गाड्या काही सांगतच नाहीत, एकदम बंद पडतात. ही आधी बोलते. सुसंस्कृत आहे.

१३ फेब्रुवारी
लाल.

१४ फेब्रुवारी
कंपनीचं सर्व्हिस सेंटर. काचेच्या भिंती, कॉफीचं मशीन, पांढऱ्या शर्टातला सल्लागार. त्याने गाडीला कॉम्प्युटर जोडला आणि चार पानं छापून दिली. तेवीस दोष. प्रत्येकाला नंबर आहे. किटलीच्या गाडीतला दोष मेकॅनिक लाथ मारून शोधतो. आमच्याकडे नंबर असतात.

नुसतं बघायचे सहा हजार. एक सेन्सर बदलला, त्याचे एकेचाळीस हजार. आधी किंमत विचारणारे लोक मला आवडत नाहीत, म्हणून नंतर विचारली. कॉफी मात्र फुकट होती. दोन घेतल्या.

२६ फेब्रुवारी
सकाळी खाली गेलो तर गाडी मागच्या डाव्या बाजूने बसलेली. पंक्चर नाही. सल्लागार फोनवर म्हणाला, सर, तुमच्या गाडीला स्प्रिंग नाहीत, हवेच्या पिशव्या आहेत, त्यातली एक गेली. पिशव्या जोडीनेच बदलाव्या लागतात. माल तिकडून येणार, सहा आठवडे. जोडीची किंमत ऐकून मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो. गाडीच्या शेजारी, तिच्याच उंचीवर.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे माझ्या स्कूटरपेक्षा दोन हजारांनी जास्त. तुलना करायची सवय वाईट. तळमजल्यावरचे रिटायर्ड हेडमास्तर येता-जाता विचारतात, आज उठली का? अकरा वर्षं एकच सायकल वापरणाऱ्या माणसाने गाडीच्या तब्येतीवर बोलू नये.

संकल्प: कोणाशी गाडीबद्दल बोलायचं नाही. बोलण्याची लायकीच नाही कोणाची.

९ मार्च
बायकोच्या आग्रहाने गाडी तशीच कलती, हळूहळू चालवत टायरच्या दुकानामागच्या गॅरेजमध्ये नेली. मालकाला सगळे काका म्हणतात. साठीचा माणूस, चष्म्याला दोरी, खिशात चिंधी. बॉनेट उघडलं तर ते वर राहीना. त्याचा दांडा कधीच गेलाय. काकांनी एका हाताने ते धरलं, मिनिटभर इंजिन ऐकलं आणि म्हणाले, गाडी चांगली आहे. मला वाटलं, चला, निदान पारख आहे. मग म्हणाले, तुमच्याकडे दुसरी आहे का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग अवघड आहे.

एवढीच ह्या माणसाची विद्या. ना कॉम्प्युटर, ना कागद. पाचशे रुपये घेतले आणि पाण्याची एक नळी बदलली. नळी गळायची थांबली, हे मान्य. पण त्यात शास्त्र काही नाही.

२ एप्रिल
पिशव्या आल्या. पुढच्या आहेत. मागच्या हव्या होत्या. परत पाठवल्या.

सध्या बायकोच्या स्कूटरवर मागे बसून ऑफिसला जातो. चौकाच्या अलीकडेच उतरतो, तेवढाच व्यायाम. आज किटली शेजारून गेला, थांबला आणि म्हणाला, सर, बसा ना. मी म्हटलं, गाडी सर्व्हिसिंगला आहे. तो म्हणाला, अजून? ह्या ‘अजून’मध्ये जो सूर होता, तो मी रीजनल मॅनेजर झाल्यावर लक्षात ठेवीन.

१७ एप्रिल
गाडी उभी! म्हणजे चारही बाजूंनी उभी. शेवटी काम काकांनीच केलं. सेंटरने पुन्हा चुकीची जोडी मागवली होती. काकांनी कुठून तरी जुनी आणून बसवली, अर्ध्याहून कमी पैशांत. आभार मानले नाहीत. पैसे दिले की आभार त्यातच येतात.

२१ एप्रिल
चार दिवस एकही नवा दिवा नाही. सगळ्यांची तोंडं बंद. उद्या बिल्डरला त्याच्या ऑफिसातून घेऊन आमच्या कारखान्यात नेतोय. साहेब म्हणाले, कंपनीची गाडी घेऊन जा. मी नुसता हसलो.

जाता जाता काकांना दाखवून घेतली. ते म्हणाले, दारांच्या लॉकचं काही खरं नाही, आतून अडकायची. उद्या ही नेऊ नका, आणि न्यायचीच असेल तर एक काच उघडी ठेवा. मी विचारलं, एसी चालू असताना? बिल्डरला काय भाजीच्या टेम्पोतून नेतोय? काका चिंधीने हात पुसत राहिले. अडाणी माणसाला उत्तर सुचलं नाही की तो हात पुसतो.

२२ एप्रिल, सकाळी आठ
निळा सूट. गाडी धुतली. बायको म्हणाली, फोन चार्ज करून घ्या. पाण्याची बाटलीही दिली. बाटली घरीच ठेवली. सीट क्रीम रंगाच्या आहेत.

२२ एप्रिल, संध्याकाळी सहा
जे झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे चूक कोणाची ते स्पष्ट होईल.

बिल्डर पासष्टीचे, वजनदार. गाडीत बसताच म्हणाले, वा. हे ‘वा’ नोंदवून ठेवतो, कारण पुढे ते कोणाच्या लक्षात राहणार नाही.

पुलाच्या तोंडाशी सिग्नलला गाडी बंद पडली. दिवेसुद्धा गेले. एसी गेला. चारही दारांतून एकदम खट्ट असा आवाज आला. मी हँडल ओढलं. उघडेना. काचा विजेच्या, त्याही बंद. बाहेर दुपारचे बारा. मागे सगळा रस्ता हॉर्न वाजवतोय. ट्रॅफिक पोलीस काचेवर टकटक करून खुणेने सांगतोय, बाजूला घ्या. मी खुणेने सांगतोय, घेता येत नाही. त्याला वाटलं मी उर्मटपणा करतोय. त्याने नंबर लिहून घेतला.

काकांना फोन लावला. म्हणाले, निघालो, वीस मिनिटं लागतील, तोवर काच फोडा.

बिल्डरांनी टाय सैल केला, मग काढला, मग शर्टाची वरची बटणं. चेहरा आधी लाल, मग राखाडी. म्हणाले, मला बीपी आहे. मी म्हटलं, साहेब, वीसच मिनिटं. मी त्यांना आमच्या लिफ्टच्या पंख्याची माहिती दिली. त्यांनी सीटचं डोकं टेकायचं उशीसारखं असतं ना, ते उपसून काढलं. त्याला खाली दोन लोखंडी दांडे असतात. ते उगारल्यावर मी त्यांचा हात धरला.

हो, धरला. म्हटलं, साहेब, नको, ह्या काचेला तीन महिने लागतात.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकाने माझ्याकडे असं पाहिलेलं नाही. मग हात झटकला आणि काच फोडली. पोलिसाने आणि एका भाजीवाल्याने मिळून त्यांना खिडकीतून बाहेर ओढलं. फुटपाथवर बसवलं, डोक्यावर पाणी ओतलं. त्याच खिडकीतून मागोमाग मीही निघालो. दहा मिनिटांनी ते बोलले. म्हणाले, तुमच्या लिफ्टमध्ये माणूस अडकला तर तुम्ही दार वाचवता की माणूस?

उत्तर तयार होतं. आमच्या लिफ्टला बॅटरीवर चालणारी सुटकेची व्यवस्था आहे. पण तोवर ते रिक्षात बसले होते. काका पोहोचले तेव्हा गॅरेजवर ओढून न्यायला फक्त गाडी उरली होती.

चूक: पोलीस, ऊन, सर्व्हिस सेंटर, गॉगल. ह्याच क्रमाने.

२३ एप्रिल
बायकोला सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी विचारलं, तुम्ही त्यांचा हात धरलात? मी काचेची किंमत सांगितली. ती म्हणाली, मी किंमत नाही विचारली.

आणि स्वयंपाकघरात गेली. बायकांना पार्ट मिळण्यातल्या अडचणी कळत नाहीत.

२४ एप्रिल
बायकोने सकाळी स्वतःहून बिल्डरांच्या घरी फोन केला. नंबर माझ्या डायरीतून घेतला म्हणे. म्हणजे ही डायरी वाचली काय? त्यांची तब्येत बरी आहे. मीही करणारच होतो. आज करणार होतो.

२ मे
ऑर्डर गेली. दुसऱ्या कंपनीला नाही, आमच्याच कंपनीला मिळाली. किटलीने आणली. तो त्यांना भेटायला फळं घेऊन गेला होता म्हणे, लिफ्टचं नावही काढलं नाही. ह्याला विक्री म्हणत नाहीत. ह्याला लाचारी म्हणतात.

१ जून
खुर्ची किटलीची. पेढे वाटले. मी दोन घेतले, राग दिसू नये म्हणून. तो म्हणाला, सर, साइटला जाताना रोज माझ्याबरोबर येत जा, तुमची गाडी अजून... आणि थांबला. त्या थांबण्यात ‘अजून’पेक्षा जास्त अपमान होता. गेलो. गाडी लहान आहे, गुडघे छातीला लागतात. सुरू मात्र पटकन होते. यात कौतुक काही नाही. घरातली ट्यूबसुद्धा सुरू होते.

११ जून
गाडी विकायला काढली. जाहिरातीत लिहिलं: दुर्मिळ, रसिकांसाठी. नऊ फोन आले. सात जणांनी ॲव्हरेज विचारलं. एकाने पत्ता विचारला आणि आला नाही. नववा तो गॉगलवाला. आवाजावरून ओळखला. त्याने मला ओळखलं नाही. मी घेतली त्याच्या एक पंचमांश किंमत सांगितली आणि म्हणाला, साहेब, ह्या गाड्यांना कोण विचारतंय?

१९ जून
काकांना दिली. पार्टच्या भावाने. त्यांनी जी रक्कम सांगितली ती मी दोनदा विचारली नाही. बायको म्हणाली, निदान तेवढे तरी. तिने दोन महिन्यांत एकदाही ‘मी सांगत होते’ म्हटलेलं नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. काहीतरी उत्तर देता आलं असतं.

सामान काढून घ्यायला ऑफिसातून तसाच गॅरेजवर गेलो. काका म्हणाले, जरा बॉनेट धरा, बॅटरी काढतो. कोट काढला, बाह्या वर केल्या आणि धरलं. पंधरा मिनिटांत हात, शर्ट, सगळं काळं.

तेवढ्यात एक गाडी आली. तिकडचीच. तीच कंपनी, पण मोठं मॉडेल. पुढून वाफ निघतेय. आतून पन्नाशीचा एक माणूस उतरला, पांढरे बूट, इस्त्रीची पँट. जमिनीवरचं ऑइल चुकवत नाक मुरडून काकांपर्यंत आला. म्हणाला, सेंटरवाले बंद आहेत म्हणून नाइलाजाने इकडे आलो, नाहीतर अशा ठिकाणी मी गाडी आणत नाही.

मला राहवलं नाही. खरंच राहवलं नाही. बॉनेट डोक्यावर धरूनच म्हटलं, साहेब, ऐका माझं, आजच विकून टाका.

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग काकांना म्हणाला, तुमचा माणूस फार बोलतो.

काका माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता सांगतील. लिफ्ट कंपनीतले सीनियर आहेत म्हणून, वीस वर्षांचा अनुभव म्हणून. काकांनी चिंधीने हात पुसले आणि म्हणाले, नवीन आहे.

तो माणूस मला म्हणाला, ए, रेडिएटरमध्ये पाणी घाल जरा.

मी बॉनेट हळूच खाली ठेवलं आणि पाणी आणायला गेलो. डबा कुठे ठेवतात, ते मला माहीत होतं.