लाल रकान्यातली मुलं

प्रिय रोसाल्बा,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले आणि मी उत्तर रोज उद्यावर ढकलते आहे. निमित्त धुक्याचं. यंदा धुकं असं बसलंय की समोरच्या घराचं फाटक दिसत नाही. शाळेच्या बसेस दोन तास उशिरा सुटतात. पहिल्या तासाला वर्गात सहा मुलं, तीही जॅकेटात हात खुपसून. काल तर मी गणित शिकवलंच नाही, नुसती खिडकीशी उभी राहिले. तुम्ही राहायचात त्या घरात आता सीमेपलीकडच्या ओआहाकाचं एक कुटुंब आलंय. त्यांनी तुझं लिंबाचं झाड पार छाटून टाकलं. माणसं चांगली आहेत, येता-जाता हात हलवतात. पण मला अजून तिथून जाताना मान वळवायची सवय आहे. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर मी दोघींच्या अंदाजानं मेनुदोचं सूप घेते आणि मग मंगळवारपर्यंत तेच गरम करून खाते.

तुला आठवतं, आपण बारा वर्षांच्या असताना ऑगस्टमधल्या उन्हात द्राक्षं तोडून कागदांवर वाळत घालायचो? माझे घड कागदाबाहेर जायचे आणि तुझा बाबा ओरडायचा, "अगं ओफेलिया, बेदाणे करायचेत, रस्ता नाही करायचा!" मी मागे पडले की तू गुपचूप माझी ओळ पुरी करायचीस. एकदा तू म्हणालीस, "तू शाळा सोडू नकोस. दोघींपैकी एकीच्या नखांत तरी माती नको." मी हसले होते. पण कॉलेजात एकटी पडले की तेच वाक्य धरून बसायचे. हे तुला मी कधी सांगितलं नाही.

आता शाळेचं. ती योजना कशी झाली ते तुला निम्मंच माहीत आहे. त्या वर्षी हॅलोरनबाई नव्या प्राचार्य म्हणून आल्या आणि तिसऱ्याच आठवड्यात राज्याकडून पत्र आलं. आमच्या अकरावीतली शंभरांतली फक्त एकोणतीस मुलं गणितात पास होत होती. मुलांचा निकाल सुधारण्याची योजना करा, नाहीतर वरून माणसं येऊन शाळा ताब्यात घेतील. बाई बिचाऱ्या टेबलाशीच गाजरं चावत जेवायच्या आणि सगळ्यांना विचारत सुटायच्या, "काय करू या?" गणित विभागाची प्रमुख मी. उपाय मीच सुचवला. ग्रंथालयाच्या भिंतीवर मी मोठा तक्ता लावला. नावं नाहीत, नुसते क्रमांक. हिरव्या रकान्यात पास होणारी मुलं. पिवळ्यात अठ्ठावन्न, म्हणजे थोडा धक्का दिला की पास होतील अशी. आणि लाल रकान्यात चौऱ्याहत्तर, ज्यांना अपूर्णांकसुद्धा येत नव्हते. आमच्याकडे जादा शिक्षक दोनच होते, आणि माझी जेवणाची सुट्टी. मी म्हणाले, सगळा जोर पिवळ्यांवर लावू. बाईंनी तक्त्याकडे पाहून विचारलं, "आणि ही लाल?" मी म्हणाले, "सगळ्यांच्या ताटात थोडं थोडं वाढलं तर कुणाचंच पोट भरणार नाही." वाक्य सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. एक क्रमांक लिहिताना तेवढा माझा हात थांबला. दोन वर्षं मी तुझ्या नायेलीच्या वह्या तपासत होते, तिचा क्रमांक मला पाठ होता. मी तो लाल रकान्यात लिहिला. खोटं नव्हतं ते, रोसाल्बा. तिला खरंच येत नव्हतं.

योजनेला शाळेच्या समितीची मंजुरी लागते, आणि समितीत पालकांची मतं असतात. मुलींच्या स्वच्छतागृहाला कड्या नाहीत म्हणून तू प्राचार्यांच्या दारात ठिय्या दिला होतास, तेव्हापासून पालकांनी तुलाच निवडून दिलेलं. त्या संध्याकाळी तू संत्र्यांच्या कारखान्यातून थेट आलीस. कपाळावर केसांच्या जाळीचा वळ, हाताला सालींचा वास. सभा इंग्रजीत, म्हणून मी नेहमीसारखी तुझ्या शेजारी बसून कानात स्पॅनिशमध्ये सांगत होते. तू एकच प्रश्न विचारलास, "लाल रंगातल्या मुलांचं काय?" बाईंनी उत्तर दिलं, मी ते तुला सांगितलं. तू म्हणालीस, "तू म्हणतेस ना, मग झालं," आणि हात वर केलास. पाच विरुद्ध चार. तुझ्या हातानं योजना मंजूर झाली.

नायेली रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्या वर्गात यायची, हे तुला माहीत होतं. अपूर्णांक तिला छळायचे, पण ती सोडायची नाही. चुकलं की स्वतःच्याच डोक्यात टपली मारायची आणि म्हणायची, "परत सांगा ना मावशी, सॉरी, मॅडम." नोव्हेंबरात ती सुट्टी योजनेत गेली. पहिल्याच दिवशी ती ताट घेऊन दारात उभी राहिली. आत पिवळी मुलं बसलेली. मी म्हणाले, "नायेली, आता इथे यादीतल्या मुलांचा तास असतो." तिनं विचारलं, "मी कुठल्या यादीत आहे?" मी म्हणाले, "तुमची यादी जानेवारीत." ती म्हणाली, "बरं, मग जानेवारीत येते." चिडली नाही की रडली नाही. ताट सांभाळत हळूच दार लावून गेली. जानेवारीत ती दोनदा येऊन दारातून डोकावून गेली. फेब्रुवारीत तिनं शाळा सोडली. एप्रिलमध्ये तुम्ही सगळी सफरचंदांच्या कामाला वर उत्तरेला वॉशिंग्टन राज्यात निघून गेलात. निघताना तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, "तू तुझ्याकडून सगळं केलंस, पोरीचंच लक्ष नव्हतं." मी तुला ते म्हणू दिलं.

मेच्या परीक्षेत एकोणतीसचे एकेचाळीस झाले. वरची माणसं आली, पण अभिनंदनाला. केक कापला, भिंतीवर पाटी लागली. सगळे माझ्याशी हात मिळवत होते आणि हे कुणाला सांगावं, याचा विचार केला तर तूच आठवलीस. आणि तुलाच तर सांगता येत नव्हतं.

या वर्षी मी बाईंना म्हणाले, सभेला दुभाषी बाहेरून मागवा. त्या म्हणाल्या, "का हो? अकरा वर्षं तुम्हीच करताय." मी घसा बसल्याचं सांगितलं. मग त्याच सभेत, बसलेल्या घशानं, मी म्हणाले की माझी जेवणाची सुट्टी मला लाल रकान्यासाठी परत हवी. बाई म्हणाल्या, "ओफेलिया, योजना तुमचीच आहे." सुट्टी मिळाली. पहिल्या आठवड्यात एकही मूल आलं नाही. आता दोघं येतात, त्यातलं एक फक्त हीटरसाठी. मी शिकवते. पुण्य म्हणून सांगत नाहीये, तसं समजू नकोस.

हे सगळं आज का लिहिते आहे, तर तुझ्या पाकिटातल्या त्या फोटोमुळे. नायेलीच्या मांडीवर तिचं बाळ. खाली तू लिहिलंयस, बाप्तिस्मा ईस्टरला, आणि नायेली म्हणते धर्ममाता ओफेलियाच, दुसरी कुणी नको, म्हणजे आपण दोघी आता कायद्यानं कोमाद्रे, बाप्तिस्म्याच्या नात्यातल्या बहिणी! त्या 'कायद्यानं'वर तू हसत असशील. मला हसू आलं नाही. हो म्हणायच्या आधी तुला हे कळलं पाहिजे. त्या सभेत हॅलोरनबाई तुझ्या प्रश्नाला असं म्हणाल्या होत्या: "खरं सांगायचं तर या वर्षी त्यांच्यासाठी काहीच नाही. त्यांना वर यायला दोन-तीन वर्षं लागतील, आणि परीक्षा मेमध्ये आहे." बाईंनी खरं तेच सांगितलं होतं. तुझ्या कानात मी म्हणाले, "त्यांचीही सोय केलीय, जानेवारीपासून." जानेवारी माझ्या मनचा होता. तुझ्या मताशिवाय योजना पडली असती, आणि खरं सांगितलं असतं तर तू हात वर केला नसतास, हे मला पक्कं माहीत होतं. तू बाईंवर नाही, माझ्यावर विश्वास ठेवून तुझ्याच लेकीविरुद्ध मत दिलंस. हे पत्र नायेलीला वाचून दाखव, काही गाळू नकोस. मग ठरवा. बाळाला दुसरी धर्ममाता शोधलीत तर मी समजेन. पण जे काय असेल ते तू स्वतः लिही, रोसाल्बा. कुणाकडून निरोप पाठवू नकोस.

तुझीच, तू अजून म्हणू देशील तर,
ओफेलिया